वजन गळाच्या वर की खाली? बोका ग्रँड पासमधल्या टार्पन वादाचा अभ्यास

मासेमारीच्या रॉडच्या टोकावरून दोरी सरळ खाली लोंबू द्यायची. तिच्या शेवटाला गळ आणि शिशाचं वजन. वजन गळाच्या खाली आलं, तर टार्पन माशासाठी प्रसिद्ध असलेल्या बोका ग्रँड पास या फ्लोरिडातल्या खाडीमुखात ती मांडणी बेकायदा. वर राहिलं, तर चालेल. फ्लोरिडाच्या मत्स्य आणि वन्यजीव संरक्षण आयोगाने २०१३ मध्ये केलेला हा नियम इतकाच आहे. समजायला मिनिटही लागत नाही. पण त्याच्यामागे एकाच खाडीमुखावर पोट भरणाऱ्या गाइडांची वर्षानुवर्षांची भांडणं आहेत, शास्त्रज्ञांनी माशांना यंत्रं लावून केलेला पाठपुरावा आहे, टीव्हीवर दाखवली जाणारी स्पर्धा आहे, आणि या सगळ्याच्या मुळाशी एक प्रश्न आहे: मासा गळाला लागला, म्हणजे नेमकं काय झालं? त्याने आमिष घेतलं, की गळाने त्याला घेतलं?

हौशी लोकांना होडीतून नेऊन मासा धरायला शिकवायचा आणि धरलेला मासा पुन्हा पाण्यात सोडायचा, हा धंदा जिथे जिथे चालतो तिथे हा प्रश्न कधी ना कधी उभा राहतो. बोका ग्रँडमध्ये तो फार उघडपणे उभा राहिला आणि त्याचं उत्तर लिखित स्वरूपात द्यावं लागलं. म्हणून हे प्रकरण बारकाईने पाहण्यासारखं आहे.

मासा

फ्लोरिडात टार्पन कोणी खायला धरत नाही. काटे फार आणि चव बेताची. तरीही या माशामागे माणसं हजारो मैलांवरून येतात, कारण गळाला लागलेला टार्पन अख्खाच्या अख्खा पाण्याबाहेर उसळतो, हवेत डोकं झाडतो, कल्ल्यांच्या फडफडण्याचा आवाज होडीपर्यंत येतो, आणि बहुतेक वेळा तिथेच तो गळ फेकून देतो. अटलांटिक टार्पन, म्हणजे मेगालॉप्स अटलांटिकस, दोन मीटरच्या पुढे वाढू शकतो. फ्लोरिडाचा विक्रम २४३ पौंडांचा, म्हणजे सुमारे ११० किलोंचा. जागतिक विक्रम पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊचा: २००३ मध्ये रुबाने इथे मिळालेला २८६ पौंड ९ औंसांचा मासा.

या प्रकरणात वजनापेक्षा वय महत्त्वाचं आहे. टार्पन पन्नास वर्षांहून अधिक जगतो आणि वयात यायला त्याला साधारण दहा वर्षं लागतात. पासमध्ये गळाला लागणारी शंभर पौंडांपुढची मादी अनेकदा तिला धरणाऱ्या पाहुण्याच्या वयाची असते. तिच्या पोटात लाखो नव्हे, कोटीच्या घरात अंडी असू शकतात. अंडी घालायला हे मासे किनाऱ्यापासून खूप दूर, खोल समुद्राकडे जातात. तिथून काचेच्या पट्टीसारख्या पारदर्शक अळ्या प्रवाहांबरोबर किनाऱ्याला येतात आणि कांदळवनांतल्या साचलेल्या, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात वाढतात. त्या पाण्यात दुसरे बरेच मासे तग धरत नाहीत. टार्पनचं वाताशय मात्र फुप्फुसासारखं काम करतं; तो वर येऊन हवा गिळतो आणि पुन्हा खाली जातो. गाइड लोक पहाटे शांत पाण्यावर जे शोधत असतात ते हेच: हवा घ्यायला वर आलेल्या माशाची चंदेरी पाठ.

जागा

फ्लोरिडाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर गॅस्परिला आणि कायो कोस्टा अशी दोन लांबट बेटं आहेत. त्यांच्या मधून शार्लट हार्बर ही मोठी खाडी मेक्सिकोच्या आखाताला मिळते; हेच मुख म्हणजे बोका ग्रँड पास. पीस आणि मायाका या नद्यांचं पाणी याच खाडीत येतं. एवढ्या पाण्याला बाहेर पडायला मोठी वाट हीच, म्हणून प्रवाहाने तळ खणून काढला आहे. पासची खोली वीस मीटरच्या आसपास जाते आणि तळाला कडे, खळगे, उंचवटे आहेत. एप्रिलपासून जुलैपर्यंत टार्पनचे थवे या खळग्यांत थरावर थर लावून उभे राहतात. अंडी घालायला समुद्रात जाण्यापूर्वीचा हा त्यांचा मुक्काम असतो.

मे आणि जूनमधल्या अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची मोठी ओहोटी लागते. स्थानिक लोक तिला हिल टाइड म्हणतात. दुपार कलल्यावर पाणी जोराने बाहेर ओढलं जातं, त्याबरोबर खाडीतले खेकडे पृष्ठभागावर तरंगत पासमधून जातात, आणि टार्पन खालून वर येऊन ते टिपतात. वर्षभराच्या कमाईतला मोठा हिस्सा या काही ओहोट्यांवर ठरतो. गर्दीचं कारणही तेच: मासा, पाणी आणि खेकडा यांची वेळ जुळते ती थोड्याच दिवशी, आणि सगळ्यांच्या होड्या त्याच दिवशी पाण्यात असतात.

रॉड आणि दोरी गुंडाळायची रीळ वापरून टार्पन धरण्याची प्रसिद्धी याच किनाऱ्यावरून सुरू झाली. १८८५ मध्ये न्यूयॉर्कच्या डब्ल्यू. एच. वुड यांनी इथून थोडं दक्षिणेला, पुंटा रासाजवळ, असा मासा धरला आणि ती बातमी अमेरिकेतल्या श्रीमंत शौकिनांपर्यंत पोहोचली. गॅस्परिला बेटावरच्या बोका ग्रँड गावाला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेल्वे आली ती मात्र फॉस्फेटसाठी. बेटाच्या दक्षिण टोकाला बंदर होतं. १९७९ मध्ये ते बंद पडलं. त्यानंतर बेटाला पाहुणे आणि टार्पन एवढाच आधार उरला. शार्लट हार्बर आणि शेजारच्या कलूसाहॅची नदीच्या परिसरातल्या टार्पन मासेमारीची आर्थिक उलाढाल एका अभ्यासात वर्षाला १० कोटी डॉलरांहून अधिक मांडली गेली. विकला न जाणारा, खाल्ला न जाणारा मासा एवढे पैसे आणतो तो जिवंत असतो म्हणून. वादातल्या दोन्ही बाजूंना हे मान्य होतं, आणि ते लक्षात ठेवूनच पुढचं वाचायला हवं.

एकाच पाण्यात दोन पद्धती

बोका ग्रँडचे जुने गाइड जिवंत आमिष वापरतात: खेकडा किंवा छोटा मासा. पद्धत वाहण्याची. ओहोटीच्या वरच्या अंगाला होड्या एकामागोमाग रांगेत येतात, इंजिन मंद ठेवून किंवा उलटं फिरवून प्रवाहाबरोबर पास उतरतात, आणि खाली पोहोचल्यावर बाजूने वळसा घालून पुन्हा रांगेत लागतात. कॅप्टन तळाचा चढउतार पाठ असल्यासारखा वाचतो. पुढे कडा आहे, दोरी इतकी वर घ्या. आता खळगा, इतकी सोडा. असं तो सांगत राहतो आणि पाहुणे दोरीवरच्या खुणा बघून तसं करतात. आमिष तळाच्या किंचित वर, माशाच्या तोंडासमोरून गेलं पाहिजे. हे कसब यायला वर्षं लागतात. काही घराण्यांत ते बापाकडून मुलाकडे आलं आहे.

१९९० च्या दशकात जिग आली. मोठा सर्कल हूक, म्हणजे टोक आत वळलेला गळ, त्याच्या बाकाला खालून तारेने किंवा केबल टायने बांधलेलं तीन-चार औंसांचं शिसं, आणि वर चढवलेलं रंगीत, मऊ शेपटीचं प्लास्टिक. होडी प्रवाहाबरोबर वाहू न देता इंजिनाच्या जोरावर थव्याच्या बरोबर डोक्यावर धरायची, ध्वनिलहरींनी पाण्याखालचं दाखवणाऱ्या सोनार यंत्राच्या पडद्यावर मासे दिसतात तिथे जिग सरळ तळाला सोडायची, एक-दोन वेढे वर घ्यायची आणि थांबायचं. दोरीला भार जाणवला की झटका द्यायचा नाही. भराभर रीळ फिरवायची. नवख्या पाहुण्यालाही हे दहा मिनिटांत जमतं. नव्या गाइडला पासचा तळ आयुष्यभर अभ्यासावा लागत नाही. मासा खात नसेल अशा वेळीही होडी रिकामी राहत नाही. पाहुण्याने एका दिवसाचे पैसे मोजलेले असतात आणि त्याला मासा हवा असतो, तेव्हा गाइडने ही पद्धत का उचलली हे मला पूर्णपणे समजतं. त्यात लबाडी शोधायची गरज नाही.

अडचण अशी की या दोन पद्धती एका पाण्यात नांदत नाहीत. वाहणाऱ्या होड्यांना मोकळी वाट लागते. जिगवाल्यांना थव्यावर ठाण मांडायचं असतं. मासा हलला की सगळ्या जिगच्या होड्या इंजिनं वाढवून त्याच्यामागे जातात, पुढच्या खळग्यावर पुन्हा घोळका होतो, आणि वरून वाहत येणारा जुना गाइड त्या घोळक्यावर येऊन आदळायच्या बेतात असतो. आरडाओरड, शिव्या, होडीला होडी घासणं असे प्रकार झाले. पुढे जिगवर आधारलेली स्पर्धा टीव्हीवर दिसू लागली. त्यात वजनासाठी मासा होडीच्या कडेला धरून किनाऱ्याजवळच्या काट्यापर्यंत ओढत नेला जाई. अंडी भरलेली मादी तशी ओढली जाताना पाहून गावातले लोक संतापले आणि संघटित झाले. इथपर्यंतचं भांडण जागेचं आणि धंद्याचं होतं. त्यानंतर ते माशाचं झालं.

आरोप काय होता

विरोधकांचं म्हणणं थोडक्यात असं: जिग माशाला खायला लावत नाही, ती त्याच्या अंगात रुतते.

त्यांनी मांडलेली यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. सर्कल हुकाचं टोक आत वळलेलं असतं. मासा आमिष गिळतो, दोरी ताणली जाते, हूक घशातून सरकत बाहेर येतो आणि जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. आतड्यात रुतत नाही, म्हणून सोडून द्यायच्या मासेमारीत तो चांगला मानला जातो. पण त्याच हुकाच्या बाकाला खालून वजन बांधलं की दोरी ताठ, उभी राहते आणि टोक वरच्या दिशेला उघडं राहतं. खाली शेकडो मासे एकमेकांना खेटून उभे आहेत. त्यांच्यातून अशा डझनावारी ताठ दोऱ्या उतरल्या आहेत. एखादा मासा वळला, दोरी त्याच्या तोंडावरून घासली, वर पाहुण्याला भार जाणवला, त्याने भराभर रीळ फिरवली, की हूक खालून वर सरकत येतो आणि जबड्याच्या बाहेरच्या बाजूला, गालाला, कल्ल्याजवळ किंवा पोटाला लागतो. माशाने तोंड उघडलेलंच नसतं.

जिगवाल्यांचं उत्तरही पोकळ नव्हतं. टार्पनचं तोंड हाडाच्या पट्ट्यांनी बनलेलं आहे. त्यात गळ रुतायला मऊ जागा फारशी नाही. मासा आमिष शोषून घेतो, ते नको वाटलं की थुंकतो, आणि तेवढ्यात ताणलेला हूक बाहेर येताना जबड्याच्या पट्टीच्या बाहेरच्या कडेला अडकतो. म्हणजे गळ बाहेरून लागलेला दिसला, एवढ्यावरून माशाने आमिष घेतलंच नव्हतं असं म्हणता येत नाही. जिवंत आमिषावरही अधूनमधून असं घडतं. शिवाय रोज पासवर राहून मासे प्लास्टिक घेतात हे आम्ही पाहतो, असं ते सांगत.

मला या वादात सगळ्यात मोलाची वाटते ती ही जागा. दोन्ही बाजू एकच खूण दाखवत होत्या, जबड्याच्या बाहेरून लागलेला गळ, आणि तिचे दोन उलटे अर्थ लावत होत्या. वीस मीटर खोल, गढूळ, वेगवान पाण्यात काय घडलं याचा साक्षीदार कोणी नाही. आणि हेतू विचारला, तर कोणताही गाइड मी मासा ओढून अडकवत होतो असं म्हणणार नाही. त्यातले कित्येक जण ते प्रामाणिकपणे म्हणत होते.

मरण किती आणि कशाने

बाहेरच्या माणसाला वाटेल की सोडलेले मासे मरतात का ते मोजा आणि प्रश्न मिटवा. मोजणी झालीही. आयोगाच्याच संशोधन संस्थेच्या कॅथी गिंडन यांनी बोका ग्रँड पास आणि टँपा बे इथे गळाला लागलेल्या ८२ मोठ्या टार्पनना ध्वनिलहरी सोडणारी यंत्रं लावून सोडलं आणि पुढे त्यांचा माग काढला. सुमारे १३ टक्के मासे मेले असावेत असा निष्कर्ष निघाला. त्यातला मोठा भाग शार्कच्या तोंडी गेला होता. शार्कचे बळी वगळले, तर मरणाचं प्रमाण बरंच खाली येतं.

हा आकडा नीट वाचला तर दोन्ही बाजूंची पंचाईत होते. मासा सोडला म्हणजे जगला असं म्हणणाऱ्याला तो सांगतो की दर आठ माशांमागे साधारण एक जात असावा. जिगमुळे मासे मरतात असं म्हणणाऱ्याला तो सांगतो की मारणारा बहुतेक वेळा दुसराच कोणी आहे. दमलेला टार्पन पृष्ठभागाजवळ रेंगाळतो आणि पासमध्ये ग्रेट हॅमरहेड जातीचे शार्क त्याचीच वाट पाहत असतात. या पासचे हॅमरहेड किती मोठे असतात याची कल्पना २००६ मध्ये आली: इथे गळाला लागलेल्या एका मादीचं वजन १,२८० पौंड भरलं होतं.

पुढे फ्लोरिडा कीज या राज्याच्या दक्षिण टोकाकडच्या बेटांच्या माळेत, बाहिया होंडा पुलाजवळ झालेल्या अभ्यासानेही तीच दिशा दाखवली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधानुसार, पाच मिनिटांहून अधिक काळ झुंजवलेल्या टार्पनपैकी १५.३ टक्के मासे गळावर असताना किंवा सोडल्याबरोबर शार्कने खाल्ले. पाण्याचं ठिकाण वेगळं, पद्धत वेगळी, पण झुंज लांबणं हा धोका दोन्हीकडे आहे.

म्हणजे २०१३ मध्ये आयोगासमोर जिगबंदीची मागणी आली तेव्हा ती मरणाच्या संख्येवर उभी करता येत नव्हती. माशांची संख्या जिगमुळे घटते आहे, हे कोणी सिद्ध केलं नव्हतं. ज्याला निर्णय टाळायचा होता त्याला हे कारण पुरेसं होतं.

आयोगाने काय केलं

फ्लोरिडाच्या या आयोगाला राज्यघटनेनेच नियम करण्याचा अधिकार दिला आहे. विधिमंडळाकडे जावं लागत नाही. सात आयुक्त उघड्या सभेत बसतात आणि ज्याला बोलायचं आहे त्याला बोलू देतात. टार्पनच्या सभांना गाइड, दुकानदार, स्पर्धेचे लोक, शास्त्रज्ञ सगळे आले.

आधी राज्यभरासाठी निर्णय झाला: १ सप्टेंबर २०१३ पासून टार्पन फक्त धरून सोडायचा. १९८९ पासून ५० डॉलरांचा परवाना-टॅग घेऊन मासा ठेवता येत असे. आता तो टॅग केवळ विक्रमासाठी प्रयत्न करणाऱ्याला, माणशी वर्षाला एक. आणि ४० इंचांहून लांब टार्पन पाण्याबाहेर काढायचा नाही; फोटो, मोजमाप काय ते त्याला पाण्यात ठेवूनच. काट्यापर्यंत ओढत नेऊन वजन करण्याच्या स्पर्धेला इथेच मोठा चाप बसला, जिगचं नावही न घेता.

मग नोव्हेंबरपासून लागू झालेले दोन बदल आले. पहिला राज्यभराचा: ज्या टार्पनला आमिषाकडे ओढून, भुलवून तोंड मारायला लावलेलं नाही, त्याला धरणं किंवा धरायचा प्रयत्न करणं म्हणजे अंगात गळ रुतवणं, आणि ते निषिद्ध. दुसरा फक्त बोका ग्रँड पासपुरता: दोरी रॉडपासून उभी लोंबवल्यावर वजन गळाच्या खाली येत असेल, अशी मांडणी चालणार नाही. पासमध्ये एप्रिल ते जून या काळात एका होडीवर तीनपेक्षा जास्त दोऱ्या नकोत आणि मासा लागताच सुटून तळाला पडणारी वजनं नकोत, हे नियमही आहेत.

पहिला बदल तत्त्व सांगतो. पण एकट्याने तो निरुपयोगी ठरला असता. पन्नास मीटरवर होडीत उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला दिसतो तो वाकलेला रॉड. माशाने तोंड मारलं की नाही हे त्याला दिसत नाही, न्यायाधीशालाही दिसणार नाही, आणि खुद्द गाइडलाही खात्रीने सांगता येणार नाही. दुसऱ्या बदलाने प्रश्न माशाच्या तोंडातून काढून माणसाच्या हातात आणला. दोरी लोंबवा आणि बघा. गाइड धक्क्यावर असतानाच स्वतः तपासू शकतो. अधिकाऱ्याला शंका आली तर तो तिथल्या तिथे तपासू शकतो. दोघांचं उत्तर एकच येतं. कोणाच्या हेतूवर ठपका नाही, कोणाला खोटं ठरवलेलं नाही.

माझ्या मते हा निर्णय योग्य होता, आणि त्याची योग्यता या रचनेत आहे. आयुक्तांनी सिद्ध न झालेली गोष्ट सिद्ध झाल्याचा आव आणला नाही. त्यांनी एवढंच धरलं की या धंद्याचा सारा पाया मासा आपणहून आमिषाला येतो यावर आहे. एक मांडणी त्याशिवायही मासा अडकवू शकते, अंडी घालायला जमलेल्या माशांच्या दाट थव्यावर ती वापरली जाते, आणि तिच्याऐवजी वापरायला दुसऱ्या कायदेशीर पद्धती आहेत. जुन्या गाइडांना बंदीतून फायदा झाला हे खरं. ज्यांनी जिगवर होड्या घेतल्या, कर्जं काढली, त्यांचं नुकसान झालं हेही खरं, आणि त्यांना बदलायला पुरेसा वेळ मिळाला असं मला वाटत नाही. सप्टेंबरमध्ये निर्णय आणि पुढच्या एप्रिलला हंगाम. तेवढ्यात पासचा तळ शिकून होत नाही.

नियमाची मर्यादाही स्पष्ट दिसते. वजन गळाच्या दोरी बांधायच्या छिद्राकडे, म्हणजे वरच्या अंगाला असलेली जिग चालते. पासच्या हद्दीबाहेर ती खालच्या वजनाची मांडणीही या कलमात येत नाही; तिथे फक्त राज्यभराची व्याख्या लागू, आणि ती सिद्ध करणं किती कठीण ते वर आलंच आहे. गर्दीवर या नियमात काही नाही. होडी थव्यावर धरायची की वाहू द्यायची, हेही तो सांगत नाही.

जे नियमात मावत नाही

सगळ्यात मोठी उणीव शार्कची. गिंडन यांचा आकडा समोर असताना झुंजीच्या वेळेवर काहीच लिहिलं गेलं नाही. लिहिणं कठीण होतं हे मान्य. घड्याळ लावून कोण बसणार. पण याचा अर्थ असा की माशाच्या जिवाचा सगळ्यात मोठा निर्णय पूर्णपणे कॅप्टनच्या हाती राहिला.

तो निर्णय पाण्यात उतरण्याआधीच सुरू होतो. हलका रॉड आणि बारीक दोरी घेऊन मोठा टार्पन तास-दीड तास झुंजवण्यात काहींना मर्दुमकी वाटते. उन्हाळ्यातल्या कोमट पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो. तेवढ्या वेळात माशाच्या स्नायूंत आम्ल साठतं आणि सोडल्यावर तो शार्कपासून पळू शकत नाही. जड सामान घेतलं, रिळीचा ब्रेक घट्ट ठेवला, माशाच्या डोक्याची दिशा बदलत राहिलं आणि होडी त्याच्यामागे नेली, तर मोठा मासाही अर्ध्या तासाच्या आत होडीशी येऊ शकतो. तो हवेत उसळला की रॉड पुढे झुकवून दोरी ढिली द्यायची, नाहीतर दोरी तुटते किंवा गळ निसटतो. तो हवा गिळायला वर येतो तेव्हा त्याला नवा दम मिळतो. अनुभवी गाइड त्या क्षणी ताण वाढवून त्याला सहज वर येऊ देत नाहीत.

होडीशी आल्यावर पाहुण्याला दोन गोष्टी हव्या असतात: फोटो आणि वजन. फोटोसाठी मासा जबड्याला धरून उभा टांगला की पोटातल्या अवयवांवर त्याच्याच शरीराचा भार येतो; चाळीस इंचांच्या नियमाने निदान मोठ्या माशांसाठी ते थांबलं. वजनासाठी काट्याची गरज नाही. पाण्यातच माशाची लांबी आणि घेर इंचांत मोजायचा. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ८००, की पौंडांत अंदाज मिळतो. लांबी ७२ इंच आणि घेर ३८ इंच असेल तर मासा सुमारे १३० पौंडांचा. काही वर्षं इथले गाइड याच वेळी आणखी एक काम करत: जबड्यावरून छोटा खरखरीत स्पंज फिरवून कातडीच्या पेशींचा नमुना घ्यायचे आणि शास्त्रज्ञांना पाठवायचे. त्यातल्या डीएनएवरून तोच मासा पुन्हा धरला गेला का हे कळे. ज्या गाइडांवर मासे मारल्याचा आरोप होत होता, त्यांनीही असे नमुने दिले.

मग मासा सोडायचा. खालचा जबडा धरून होडी हळू पुढे न्यायची, तोंडातून पाणी कल्ल्यांवर जाऊ द्यायचं, शेपटीत जोर येईपर्यंत हात सोडायचा नाही. आसपास शार्क असेल तर मात्र असं थांबणंच घातक. तेव्हा गळ काढत न बसता दोरी तोंडाजवळ कापून मासा लगेच मोकळा केलेला बरा.

आणि झुंज चालू असताना शार्कची सावली किंवा पर दिसला तर? तेव्हा रिळीचा ब्रेक पूर्ण सैल करायचा, म्हणजे टार्पन ताणाशिवाय, पूर्ण वेगाने पळू शकेल. तेवढ्याने भागत नसेल तर दोरी कापायची. आयुष्यातला पहिला टार्पन पाहुण्याच्या हातून असा जातो, त्याने त्यासाठी भरपूर पैसे मोजलेले असतात, आणि कापू नका असं तो ओरडत असतो. कोणताही अधिकारी त्या वेळी तिथे नसतो. म्हणून चांगले कॅप्टन ही गोष्ट सकाळी धक्का सोडण्यापूर्वीच सांगून टाकतात: उसळी मारलेला आणि काही मिनिटं हातात खेळलेला मासा धरल्यातच जमा आहे, शार्क आला तर दोरी मी कापणार, आणि त्यावर तुमचं मत मी विचारणार नाही. ज्याला हे पटत नाही त्याला ते तिथेच परत पाठवतात.